बाळाच्या वाटीत पाणी किती, जिन्नस किती?

थोरली आठ महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या घरी रविवारी कुकरचं झाकण उघडलं की पहिली पळी तिच्या वाटीत पडायची. मटणाचं अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी. हळद, आलं-लसूण आणि वर तरंगणारे तुपकट थेंब. सासूबाई फुंकर मारून मारून पाजायच्या. "सगळी ताकद यातच उतरते गं," म्हणायच्या. आणि ज्यातून ती ताकद उतरली असं आम्ही समजत होतो ते मटण काळ्या मसाल्यात पडून आमच्या ताटात यायचं. बाकीचे दिवस डाळीचं पाणी आणि भाताची पेज. अकराव्या महिन्यात पोरीचं हिमोग्लोबिन ८.९ आलं. डॉक्टरांनी विचारलं, काय काय खायला देता? मी मोठ्या अभिमानाने यादी सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे तीन तऱ्हेचं पाणी देताय."

ते वाक्य माझ्या डोक्यात अजून आहे. धाकट्याच्या वेळी मी भाजीवाल्याकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा ओट्यावर आणून ठेवला, परदेशी बरण्या आणि दुकानातली पाकिटं उलटी करून वाचली आणि प्रत्येक वाटीला एकच प्रश्न विचारायला लागले: यात पाणी किती आणि जिन्नस किती? ज्यांचं बाळ सहा महिन्यांचं होऊ घातलंय आणि ज्यांच्या घरी मांसाहार चालतो, त्यांच्यासाठी ती सगळी रीत इथे लिहिते आहे. बाळ दिवसांआधी जन्मलेलं असेल, वजन वाढत नसेल किंवा काही आजार असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

पहिली पायरी: बाळाला लागतं किती ते बघा

सहा महिने पुरे होईपर्यंत फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नाही. त्यानंतर दूध चालूच ठेवून वरचं अन्न सुरू करायचं. आईचं दूध पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून ६ ते ८ महिन्यांत दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात, ९ ते ११ महिन्यांत ३००, आणि वर्षानंतर ५५० च्या आसपास. २०० कॅलरी ऐकायला फार वाटत नाहीत. पण बाळाचं पोट वजनाच्या दर किलोला सुमारे ३० मिली एवढंच मावतं. आठ किलोच्या बाळाचं पोट म्हणजे २४० मिली, आपला चहाचा मोठा मग. त्यात दूधही जायचंय. तेव्हा वाटीत जे जाईल ते दाट हवं. एका ग्रॅमला निदान ०.८ कॅलरी हवी, हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे तोच कामाला येणार आहे.

प्रथिनांची फारशी काळजी करू नका. सहा महिने ते वर्ष या वयात दिवसाला १०-११ ग्रॅम पुरतात आणि त्यातला काही भाग दुधातून मिळतो. खरी अडचण लोहाची. बाळ पोटातून येताना लोहाची शिदोरी घेऊन येतं, ती साधारण सहाव्या महिन्याला संपत येते. आईच्या दुधात लोह अगदी कमी असतं, ते चांगलं पचतं खरं, पण पुरत नाही. आपल्याकडच्या २०२० च्या शिफारशीत ६ ते १२ महिन्यांच्या बाळाला दिवसाला ३ मिलिग्रॅम लोह सांगितलंय, अमेरिकेत ११. एवढी तफावत पाहून मीही चक्रावले होते. मी ३ हा तळ धरते, त्याखाली जायचं नाही. हा प्रश्न माझ्या एकटीच्या घरचा नव्हता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांची ६७ टक्के भारतीय मुलं रक्तक्षय असलेली निघाली. म्हणजे आपल्या सोसायटीच्या बागेत खेळणाऱ्या तीन पोरांत दोन.

मांस आणि धान्य एकत्र का?

नागली, बाजरी, गहू यांत लोह असतं, पण सालीजवळच्या फायटेट नावाच्या घटकामुळे ते शरीराला सहज मिळत नाही. मांसातलं लोह वेगळ्या रूपात असतं. त्यातलं १५ ते ३५ टक्के शरीर घेतं, धान्य-डाळींतलं त्याच्या मानाने फारच कमी. पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढची. मांस त्याच घासात असेल तर धान्यातलं लोहही जास्त शोषलं जातं. भातात खिमा मिसळला की खिम्याचं लोह मिळतंच, शिवाय भात-डाळीतलंही जास्त पदरात पडतं. वर लिंबाचे दोन थेंब पिळले तर आणखी मदत होते, क जीवनसत्त्वाची.

उलट काम करतात चहा आणि दूध. चहात बुडवलेलं बिस्कीट बाळाला देणारी घरं आपल्याकडे कमी नाहीत. आमचंही त्यातलंच होतं. चहातलं टॅनिन लोह अडवतं, तेव्हा तो नकोच. दुधातल्या कॅल्शियममुळेही लोह कमी शोषलं जातं, म्हणून मांसाच्या जेवणात गाईचं दूध घालू नये. नागलीची दुधातली खीर सकाळी, खिमा-भात दुपारी, असं वेगळं ठेवलं की झालं. आईचं दूध मात्र कधीही चालेल.

दुसरी पायरी: धान्य

नाशिकमध्ये आपण नशीबवान आहोत. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या डोंगराळ पट्ट्यातली नागली इथे येते, घोटी-इगतपुरीकडचा तांदूळ येतो, येवला-नांदगावच्या कोरड्या बाजूची बाजरी येते. बाहेरगावचे लोक नाचणी म्हणतात, आपण नागली. वस्तू एकच.

कोरड्या १०० ग्रॅमचा हिशोब असा. पॉलिशच्या तांदळात सुमारे ३५५ कॅलरी, ८ ग्रॅम प्रथिनं आणि लोह जेमतेम अर्धा-पाऊण मिलिग्रॅम. नागलीत ३२० कॅलरी, ७ ग्रॅम प्रथिनं, साडेचार मिलिग्रॅम लोह आणि तब्बल ३६० मिलिग्रॅमच्या पुढे कॅल्शियम. बाजरीत ११ ग्रॅम प्रथिनं आणि लोह ६ मिलिग्रॅमच्या वर. ज्वारी मधे कुठेतरी, १० ग्रॅम प्रथिनं आणि ४ मिलिग्रॅमच्या आत लोह. मूगडाळीत २४ ग्रॅम प्रथिनं. तांदूळ पचायला हलका म्हणून सगळे त्यालाच चिकटून बसतात. सुरुवात त्याने करा, पण रोज तिन्ही वेळा तांदूळ नको. लोह कमी हे एक, आणि तांदळाच्या रोपात जमिनीतलं-पाण्यातलं आर्सेनिक हे विषारी द्रव्य इतर धान्यांपेक्षा जास्त उतरतं, हे दुसरं. अमेरिकेने २०२० मध्ये बाळांच्या तांदळाच्या सिरियलसाठी (कालवून द्यायच्या तयार पावडरीसाठी) त्याची मर्यादाच ठरवून दिली. आठवड्यात धान्यं फिरवा, एवढंच करायचं.

आता नागलीचं मोडाचं पीठ. हे जरा सविस्तर सांगते, कारण आमच्या घरात सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

नागली निवडून, धुऊन रात्रभर भिजवा. सकाळी पाणी काढून सुती फडक्यात बांधून ठेवा. उन्हाळ्यात दिवसभरात आणि थंडीत दीड-दोन दिवसांत पांढरे बारीक मोड दिसतात. फडकं कोरडं पडू देऊ नका, आंबूस वास आला तर सरळ टाकून द्या. मग कोरडं होईपर्यंत वाळवा, मंद आचेवर अगदी हलकं परता आणि दळा. खरपूस भाजू नका. कारण मोड येताना दाण्यात अमायलेझ नावाचं एंझाइम तयार होतं, ते पिठूळ भाग तोडतं, आणि कडक भाजलं की ते मरतं.

त्याची करामत डोळ्यांनी बघा. भाताची किंवा नागलीची लापशी इतकी घट्ट शिजवा की चमचा उभा राहील. गॅस बंद करून थोडं निवू द्या, बोट लावता येईल पण ठेवता येणार नाही इतपत. मग एक छोटा चमचा मोडाचं पीठ घालून ढवळत राहा. पाण्याचा एक थेंबही न घालता दोन-चार मिनिटांत लापशी सैल होते, चमच्यावरून घरंगळायला लागते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ह्यात पाणी कुणी ओतलं?" कुणीच नाही. पातळ झाली, पण जिन्नस तेवढाच राहिला. नंतर पुन्हा मिनिटभर उकळून घ्या, कारण ते पीठ कच्चं असतं. जे बाळ घट्ट अन्न तोंडातून बाहेर ढकलतं त्याच्यासाठी याहून सोपी युक्ती मला माहीत नाही.

तिसरी पायरी: खाटकाकडे काय मागायचं

मांस म्हटलं की पहिली भीती हाडाची. ती खरी आहे. चॉपरने तोडलेल्या मटणात हाडाचे बारीक कण राहतात, शिजल्यावर दिसत नाहीत. म्हणून बाळासाठी खिमा घ्या, आणि तोही तयार पडलेला नको. मांडीचा बिनहाडाचा तुकडा दाखवायला सांगा, चरबी-पडदा काढून समोर दोनदा मशीनमधून काढून घ्या. शंभर ग्रॅमसाठी तोंड वाकडं करणारे भेटतात, पण "लहान बाळाला द्यायचाय" म्हटलं की बहुतेक जण मशीन पुसून काढून देतात. घरी आणल्यावर थोडा थोडा खिमा चिमटीत धरून चाचपून बघा. कोंबडीचं घेणार असाल तर छातीपेक्षा मांडी बरी. मऊ राहते, आणि लोह-जस्तही जरा जास्त.

मटणात कच्च्या १०० ग्रॅमला सुमारे २० ग्रॅम प्रथिनं, २ ते ३ मिलिग्रॅम लोह आणि ३-४ मिलिग्रॅम जस्त. चिकनमध्ये प्रथिनं तेवढीच, पण लोह मिलिग्रॅमभर किंवा त्याहून कमी. म्हणून लोहाच्या हिशोबाने मटण वरचढ. सगळ्यांना मागे टाकते ती कोंबडीची कलेजी, १०० ग्रॅमला ९ मिलिग्रॅमच्या आसपास लोह. पण थांबा. कलेजीत अ जीवनसत्त्वही प्रचंड असतं, १०० ग्रॅममध्ये तीन हजार मायक्रोग्रॅमच्या वर. बाळाची दिवसाची वरची मर्यादा ६०० आहे. म्हणजे १०-१५ ग्रॅम, अंगठ्याएवढा तुकडा, आठवड्यातून एकदा. रोज नाही. अ जीवनसत्त्वाचा डोस नुकताच झाला असेल तर तेवढे दिवस कलेजी राहू द्या.

आणि ते अळणी? घरच्या अळणीत १०० मिलीला एक-दोन ग्रॅम प्रथिनं, लोह नावापुरतं. चव उतरते, वास उतरतो, थोडी चरबी उतरते. प्रथिनं आणि लोह मांसातच राहतात. डाळीच्या पाण्याचंही तसंच, खाली बसलेली डाळ आपण खातो आणि वरचं पाणी बाळाला.

चौथी पायरी: शिजवणं, मोजून

ही आमची नेहमीची खिमा-खिचडी. प्रमाण एका दिवसाचं, दोन वेळांत विभागून, सात-आठ महिन्यांच्या बाळासाठी.

तांदूळ २० ग्रॅम (दीड मोठा चमचा), मूगडाळ १० ग्रॅम (पाऊण मोठा चमचा), खिमा ३० ग्रॅम (दोन मोठे चमचे), लाल भोपळ्याची किंवा गाजराची फोड २० ग्रॅमची, चिमूटभर हळद. तांदूळ-डाळ अर्धा तास भिजवा. खिमा आधी थोड्या पाण्यात हाताने मोकळा करून घ्या, नाहीतर त्याचा गोळा होतो आणि मग मिक्सरही हात टेकतो. सगळं एका डब्यात घालून कुकरला पाच-सहा शिट्ट्या. चिकन असेल तर तीन-चार पुरे. शिजलं की डब्यातल्या पाण्यासकट मिक्सरमध्ये फिरवा आणि वरून एक छोटा चमचा साजूक तूप. मीठ नाही, साखर-गूळ नाही. वर्षापर्यंत दोन्ही लागत नाही. तुम्हाला बेचव लागेल, बाळाला नाही.

हिशोब बघा. तांदळाच्या ७१ कॅलरी, डाळीच्या ३३, खिम्याच्या तेहतीसेक, तुपाच्या ४५, भाजीच्या पाच-सहा. मिळून १९० च्या घरात. प्रथिनं १० ग्रॅम, लोह सव्वा ते दीड मिलिग्रॅम. आता सगळा खेळ पाण्याचा. तयार खिचडी २०० ग्रॅम भरली तर ग्रॅमला ०.९५ कॅलरी, उत्तम. तीच पातळ करून ४०० ग्रॅम केली तर ०.४८. बाळ एका वेळी १०० ग्रॅम खातं असं धरा: पहिल्या वाटीतून ९५ कॅलरी आणि ५ ग्रॅम प्रथिनं, दुसरीतून ४८ आणि अडीच. बाळाने वाटी संपवली म्हणून आपण दोन्ही वेळा खूश.

काटा नसेल तर चमचा तिरका करा. अन्न चमच्याला धरून राहिलं, हळूच घसरलं, तर बरोबर. धारेने वाहिलं तर पातळ.

आणि लोह दीडच कसं, तीन हवं होतं ना? बाकीचं दुसऱ्या जेवणातून. नागली किंवा बाजरीची लापशी, अंड्याचा बलक, मसूर. ११ चा आकडा मात्र घरच्या अन्नातून गाठणं जवळपास अशक्य. म्हणूनच वरून लोह मिसळलेली सिरियल्स आणि लोहाचे थेंब आले. त्याबद्दल पुढे.

सुरुवातीला एवढं सगळं बाळ खाणार नाही. पहिल्या आठवड्यात दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा. एक नवा पदार्थ दिला की दोन-तीन दिवस थांबून दुसरा. आठव्या-नवव्या महिन्यापासून मिक्सर कमी फिरवा, दाणा लागू द्या. वर्षभर फक्त गंधासारखं वाटलेलं खाल्लेली मुलं पुढे चावायला कंटाळतात. आमची थोरली तीन वर्षांची होईपर्यंत पोळी चघळून थुंकायची.

पाचवी पायरी: पाकीट आणि बरणी वाचणं

नाशिकच्या मेडिकलमध्ये जे मिळतं ते बहुतेक कोरडं सिरियल, म्हणजे गहू किंवा तांदूळ, दूध पावडर, कधी फळ. मांस घातलेल्या बरण्या आणि पाऊच इथे फारसे दिसत नाहीत. ते येतात दुबई-अमेरिकेहून आलेल्या नातेवाइकांच्या बॅगेतून. माझ्या जावेच्या भावाने आणलेल्या आठ बरण्या आमच्या फ्रिजवर मुंडावळ्या बांधल्यासारख्या मांडल्या होत्या.

त्यांतल्या एकीवर लिहिलं होतं नुसतं 'चिकन', दुसरीवर 'चिकन अँड राइस डिनर'. मला वाटलं, दुसरीत चिकनही आहे आणि भातही, म्हणजे ती जास्त भारी. मागे वळवून पाहिलं. नुसत्या चिकनच्या प्युरीत १०० ग्रॅमला १३-१४ ग्रॅम प्रथिनं आणि सुमारे १३० कॅलरी. अशा 'डिनर'मध्ये साधारण २ ते ३ ग्रॅम आणि साठ-सत्तर कॅलरी. घटकांच्या यादीत सगळ्यात आधी पाणी. आणि यादी नेहमी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, हे पक्कं ध्यानात ठेवा. जे पहिलं ते सर्वांत जास्त. पाणी आधी, मग भाजी, मग चिकन असेल तर वरच्या चित्रातल्या कोंबडीकडे बघू नका.

युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमांत तर नावावरूनच हिशोब लावता येतो. नावात फक्त मांसच असेल तर निदान ४० टक्के मांस हवं. मांस नावात पहिलं असेल ('चिकन आणि भात') तर निदान १० टक्के. मागे असेल ('भाज्या आणि चिकन') तर ८ टक्के चालतं. आपल्या खिचडीत २०० ग्रॅममध्ये ३० ग्रॅम खिमा, म्हणजे १५ टक्के. सिडकोतल्या कुकरने परदेशी बरणीला मागे टाकलं म्हणायला हरकत नाही.

कोरड्या पाकिटाशी बरणीची तुलना करताना सगळे फसतात, मीही फसले. पाकिटावर 'प्रति १०० ग्रॅम' सुमारे ४०० कॅलरी आणि बारा-पंधरा ग्रॅम प्रथिनं दिसतात. पण तो आकडा कोरड्या पावडरचा. बाळ एका वेळी खातं २५ ग्रॅम पावडर, म्हणजे १०० कॅलरी आणि तीन-चार ग्रॅम प्रथिनं. बरणीचा आकडा ओल्या, तयार अन्नाचा. दोन्हींना एका पातळीवर आणायचं तर १०० कॅलरीमागे प्रथिनं किती ते काढा: प्रथिनांना कॅलरीने भागा, शंभराने गुणा. नुसत्या चिकनला येतात १० च्या वर, 'डिनर'ला ४ च्या आसपास, आपल्या खिचडीला ५ च्या थोडं वर, कोरड्या सिरियलला तीन-साडेतीन. पाणी बाजूला काढल्यावर खरं रूप दिसतं. नुसत्या मांसाची प्युरी एकटीच देऊ नये, हेही त्यातूनच कळतं. ती लापशीत चमचा-दोन चमचे मिसळायची वस्तू आहे.

सिरियलला मी नावं ठेवणार नाही. एका बाबतीत ते घरच्या धान्याच्या फार पुढे असतं: त्यात लोह बाहेरून मिसळलेलं असतं. अमेरिकेतल्या काही सिरियलच्या १५ ग्रॅममध्ये ५-७ मिलिग्रॅम लोह मिळतं. तेवढं मटणातून द्यायचं तर दोनशे ग्रॅम शिजवावं लागेल. आपल्या पाकिटावरचा आकडा वाचून घ्या. पाहायचं ते साखरेकडे. यादीत सुक्रोज, ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन कुठे आहेत? 'अॅडेड शुगर'च्या पुढे काय लिहिलंय? २०२४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या सिरियलमधल्या साखरेवरून बरीच ओरड झाली, आता बिनसाखरेची पाकिटंही मिळतात. ती मागून घ्या. मांस असलेल्या वस्तूवर तपकिरी त्रिकोण असतो, शाकाहारी वस्तूवर हिरवा ठिपका.

आणखी एक. १९९२ च्या कायद्याने, आणि २००३ च्या दुरुस्तीने, दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या अशा अन्नाची जाहिरात करायला, मोफत नमुने वाटायला आपल्याकडे बंदी आहे. कुणी पाकीट फुकट हातात ठेवलं तर का ठेवलं, हे विचारा.

आठवडा कसा बसवायचा

सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. आमच्यासारख्या घरात मटणाला उरतात बुधवार, शुक्रवार, रविवार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनात तर मांस, मासे किंवा अंडं रोज द्यावं असं म्हटलंय. आम्ही असा तोडगा काढला: बुधवार-रविवार खिमा, शुक्रवारी चिकन किंवा कलेजीचा तुकडा, मधल्या दिवसांत घरात चालत असेल तर अंडं पूर्ण उकडून, आणि पाळायच्या दिवशी मसूर-मूग, दही, लिंबू, मोडाची नागली. श्रावणात सासूबाई म्हणाल्या, "बाळाला कसला आलाय श्रावण?" आणि स्वतःच्या सोवळ्याच्या पातेल्यापासून लांब, वेगळ्या डब्यात त्याचा खिमा शिजवला. तुमच्या घरी हे चालेलच असं नाही. महिनाभर मांस-अंडी बंद राहणार असतील तर लोहाचं पाकीट किंवा थेंब यांबद्दल आधीच डॉक्टरांना विचारा. पूर्ण शाकाहारी घरात ब-१२ कडेही लक्ष द्या. ते धान्य-डाळींत नसतं, दूध-दह्यातून थोडं मिळतं, आणि आईलाच कमी असेल तर बाळालाही कमी पडतं.

अंगणवाडीत नाव घातलंय ना? सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकासाठी तिथून शिधा ठरलेला आहे. तो धान्य-डाळीचाच असतो, वर आपला खिमा मिसळायला मोकळीक.

साठवण, आणि दोन-चार नको

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. शिजवलेलं मांस बाहेर दोन तास, कडक उन्हाळ्यात एक तास, त्यापुढे नाही. फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत. जास्त करायचं असेल तर नुसत्या खिम्याची प्युरी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. एक ठोकळा साधारण २०-२५ ग्रॅमचा होतो, महिनाभरात संपवा, आणि खाली पुरती वाफ येईपर्यंत गरम करूनच द्या. उघडलेली मांसाची बरणीही एका दिवसात संपवायची. बरणीतूनच चमच्याने भरवू नका. लाळ आत गेली की उरलेलं पाणचट होतं आणि जंतूही वाढतात. वाटीत काढून घ्या.

मध वर्षापर्यंत अजिबात नको. गुटीत चाटवायचं बोटभर मधही नको. त्यात बोट्युलिझम या विषबाधेचे बीजाणू असू शकतात आणि बाळाचं आतडं त्यांना रोखू शकत नाही. अख्खे शेंगदाणे, मटणाचे तुकडे, द्राक्षं (पिंपळगावची कितीही गोड असली तरी) अख्खी हातात देऊ नका. घशात अडकतात.

लोहाचं औषध सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासूनच्या बाळांना मिळतं, आठवड्यातून दोनदा १ मिली, आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात विचारा. हिमोग्लोबिन आधीच कमी असेल तर डोस वेगळा लागतो, तो डॉक्टर ठरवतील. सुरू केलं की बाळाची शी काळपट-हिरवी होते. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि लंगोट बघून मी रात्री अकरा वाजता डॉक्टरांना फोन लावला होता.